काल्याची नाइट फुकटात

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका देवस्थानात माघातल्या जत्रेला काल्याच्या रात्री वर्षानुवर्षे एकच दशावतारी कंपनी, म्हणजे रात्रभर पौराणिक नाटक करणारी धंदेवाईक मंडळी, यायची. २०२३च्या जत्रेला ती आली नाही. तिच्या जागी गावच्याच हौशी मुलांनी नाटक केले आणि एक पैसाही घेतला नाही. त्या एका नाइटचे, म्हणजे रात्रीच्या खेळाचे, पुढे काय झाले याची ही हकिगत. गाव, देवस्थान आणि कंपनी यांची नावे देत नाही. नाव आले की चर्चा माणसांवर जाते, आणि हे प्रकरण एखाद्या वाईट माणसाचे नाही. यात वाईट माणूस कोणीच नाही, म्हणूनच ते लिहावेसे वाटले.

पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले. त्याआधी ते सावंतवाडीकर भोसल्यांचे. त्यामुळे देव, जत्रा, गाऱ्हाणी आणि दशावतार तेरेखोलच्या दोन्ही काठांना सारखेच. राज्याची हद्द पुढे कधीतरी पडली. कंपन्या बहुतेक सिंधुदुर्गातल्या, कलाकार दोन्हीकडचे. तुळशीचे लग्न लागले की जत्रा सुरू होतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत चालतात. या सहा-सात महिन्यांत जेवढ्या नाइट मिळतील तेवढ्यावर कलाकाराचे वर्ष निघते. बाकीचे महिने शेती, गवंडीकाम, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या शाळेत रंगकाम, जे मिळेल ते.

जत्रेचे दोन दिवस कसे वाटलेले असतात हे आधी सांगायला हवे. काल्याची रात्र कंपनीची. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांचे नाटक: शाळामास्तर, पोस्टमन, बँकेतला कारकून, दोन-तीन कॉलेजची पोरे मिळून एखादे सामाजिक किंवा ऐतिहासिक नाटक बसवतात. गोव्यात मराठी नाटक देवळाच्या अंगणात हौशी लोकांनीच जगवले, आणि कला अकादमीच्या स्पर्धा त्याच जोरावर भरतात. या गावात हौशी आणि धंदेवाईक दोघेही वर्षानुवर्षे एकाच माटवात, म्हणजे मांडवात, नाचले आणि कोणी कोणाच्या ताटातले खाल्ले नाही. दिवस वेगळे होते म्हणून.

ते बिघडले कोविडमध्ये. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा दशावताराचा हंगाम ऐन भरात होता. पुढच्या नाइट सगळ्या गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये या गावाने जत्रा पालखीपुरती ठेवली आणि कंपनीला बोलावलेच नाही. देवापुढे काहीतरी व्हावे म्हणून मुलांनी सभामंडपात तासाभराचे आख्यान, म्हणजे पुराणातल्या कथेवरचे नाटक, केले. पोशाख उसने, गणपतीचा मुखवटा पुठ्ठ्याचा. मोबाइलवरून ते दाखवले, मुंबई-आखातातल्या चाकरमान्यांनी घरी बसून पाहिले आणि तोंडभर कौतुक केले. फेब्रुवारी २०२२ला पुन्हा निर्बंध, त्यात १४ तारखेला विधानसभेचे मतदान. पुन्हा मुलांचेच नाटक. या वेळी दोन तासांचे, आणि खरे सांगायचे तर बरेच सुधारलेले.

२०२३ला सगळे मोकळे झाले. कंपनीला सुपारी द्यायची वेळ आली तेव्हा मुले समितीकडे गेली. "आमकां पयशे नाकात, नाटक आमी फुकट करतांव."

समितीने काय करावे? गोव्यात देवस्थानचा कारभार महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेल्या घराण्यांच्या, हाती, पोर्तुगिजांच्या काळातल्या १९३३च्या नियमांखाली चालतो. निवडलेली समिती, तिचा अध्यक्ष, देवस्थानचे व्यवहार पाहणारा मुखत्यार, खजिनदार. वर मामलेदार प्रशासक म्हणून, आणि त्याच्याकडे अंदाजपत्रक जाते. मुखत्यार हिशेबी माणूस. दोन वर्षे पावणी, म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव, नाही, वर्गणी नाही, देवळाचे कौल बदलायचे आहेत. अशा वेळी मोठा खर्च आपोआप वाचत असेल तर नको कोण म्हणेल? एका म्हाताऱ्या महाजनाने विचारले की मान कंपनीचा आहे, त्याचे काय. त्यावर तोडगा निघाला तो मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतो. कंपनीला सांगायचे, आख्यान गावची मुले करतील. तुमची चार माणसे आणि गणपती तेवढा आणा, आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा गणपती-संकासुराचा भाग, करून जा, त्याचे काय ते देऊ.

मालक फोनवर म्हणाला, "गणपती तेवढो घेवन येवक मी काय मूर्तिकार आसंय?" आणि ती तारीख त्याने सोडून दिली.

त्याला राग का आला हे कळण्यासाठी कंपनीची नाइट म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. संध्याकाळी टेम्पो येतो, पेटारे उतरतात, गणपतीच्या मुखवट्याची पूजा होते. जेवणाआधी मालक सांगतो आज कुठले आख्यान, कोण कुठले पात्र. लिहिलेली संहिता नसते. राजपार्टीने राजा उभा करायचा, स्त्रीपार्टीने, म्हणजे लुगडे नेसलेल्या पुरुषाने, राणी. संवाद जाग्यावर सुचतात. तोंड ज्याचे त्याने रंगवायचे. मध्यरात्रीच्या सुमारास आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, पूजा सांगणारे भटजी, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद पळवणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू. नंतर आख्यान, तेही पहाटेपर्यंत. पहाटे दहीहंडी फुटते, काला वाटला जातो आणि मगच कंपनीची सुटका. दुसऱ्या रात्री दुसरे गाव.

पखवाजवाला या सगळ्याचा कणा. संवाद ठरलेले नसल्यामुळे नट कधी थांबेल, कधी पद उचलेल, युद्धाला कधी वळेल हे त्याला नटाच्या पायांवरून ओळखावे लागते. दोन नट एकमेकांत अडकले तर तोच हात मारून प्रसंग पुढे ढकलतो. पेटीवाला सूर देतो आणि गातोही. ही जोडी तयार व्हायला बरेच हंगाम जातात. गावच्या मुलांकडे सगळे होते, पखवाजवाला नव्हता. त्यांनी तो कुठून आणला? त्याच कंपनीतून. नाइट गेल्यामुळे त्या रात्री तो रिकामाच होता. त्याला रोख मानधन दिले, आणि ते दिले हे मुलांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. पण मालकाच्या डोळ्यांनी पाहा: त्याची माणसे पंधरा, त्यांतल्या एकाला गावाने पैसे देऊन नेले आणि चौदांना घरी बसवले.

आता पैशाचे. खरे आकडे छापायला मला परवानगी नाही, म्हणून हिशेब कळावा एवढ्यासाठी गोल रकमा धरतो. समजा नाइट ३०,००० रुपयांची. टेम्पो-डिझेल, पोशाखांची निगा, मालकाचा वाटा मिळून १०,००० गेले. उरलेले २०,००० पंधराजणांत सरासरीने माणशी १,३००च्या आसपास. राजपार्टी आणि पखवाजवाल्याला अर्थातच जास्त, आणि दरबारात नुसता भाला धरून उभा राहणाऱ्या पोराला काही शे. रात्रभराचे, मेकअपसकट. यात नाइट रद्द झाली तर मालक कसातरी तगतो. पहिला फटका भालेवाल्याला, आणि उद्याची राजपार्टी त्याच्यातूनच व्हायची असते.

मग गावाचे ३०,००० वाचले का? नाही. पोशाख भाड्याने आले, कारण मुलांकडे एकही खरा मुकुट नव्हता. रंगवायला माणूस आणला, कारण तोंड रंगवणे कोणाला येत नव्हते. पखवाजवाल्याचे मानधन आले. बावीस मुलांची दीड महिन्याची तालीम, तिचा चहा, वीज, शेवटच्या आठ दिवसांचे जेवण देवस्थानने केले. फुकट नाटकाला कंपनीच्या नाइटच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले. त्यातून जे वाचले ते कौलांना गेले असेल असे वाटते ना? ते गेले दुसऱ्या दिवशीच्या ऑर्केस्ट्राला आणि पालखीच्या वाटेवरच्या रोषणाईला.

इथे मला जे म्हणायचे आहे ते आले. या जत्रेत साउंडवाला होता, माटव घालणारा होता, जनरेटरवाला होता, फटाकेवाला होता, आणि ऑर्केस्ट्राची गायिका होती. यांतल्या कोणालाही समितीने "गावची मुले फुकट करतात, तुमचे राहू दे" असे म्हटले नाही. म्हणता आले नसते. साउंडचे सामान हौसेने निर्माण होत नाही. ज्या कामात हौस शिरू शकते तेवढेच काम फुकट झाले आणि तिथून सुटलेला पैसा जिथे हौस शिरू शकत नाही तिथे गेला. देवस्थान गरीब झालेले नव्हते. खर्चही फारसा उतरला नव्हता. फक्त पैसे घेणारी माणसे बदलली, आणि बदलून गेलेली होती ती सगळी कलाकार. म्हणून "गावाचे पैसे वाचवले" हे मुलांचे म्हणणे मी मनापासूनचे मानतो, पण खरे मानत नाही.

दक्षिण गोव्यातला तियात्र आठवतो. १८९२ साली मुंबईत सुरू झालेला हा कोकणी नाट्यप्रकार आजही तिकिटावर चालतो. मडगावच्या रवींद्र भवनात प्रेक्षक पैसे मोजून आत जातो आणि नटाला खेळाचे पैसे मिळतात, याचे कोणाला नवल वाटत नाही. आमच्या बाजूला प्रेक्षकाने नाटकासाठी खिशात हात घातलेलाच नाही. देवासमोर ठेवलेल्या नारळाला पावणीत बोली लावील, तो हजारांत नेईल, पण नाटक देवाने दाखवायचे. मग देवाच्या मुखत्याराने ते स्वस्तात दाखवले तर तक्रार करणार कोण?

त्या रात्री काय झाले तेही सांगतो, कारण मुलांना नावे ठेवणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे होईल. गर्दी कंपनीच्या कुठल्याही अलीकडच्या वर्षापेक्षा जास्त. ज्या बायका मध्यरात्रीनंतर घरी जायच्या त्या बसून राहिल्या, कारण रंगमंचावर कोणाचा भाचा, कोणाचा शेजारी. राजाचे काम करणारा हायस्कूलचा शिक्षक. आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ. कंपनीने गेल्या काही वर्षांत गावाला गृहीत धरले होते हेही खरे. तीच दोन आख्याने आलटून पालटून, आणि ठरलेली राजपार्टी ऐनवेळी गैरहजर, कारण त्याच रात्री कुठेतरी वेगवेगळ्या कंपन्यांतले नट एकत्र आणणाऱ्या 'संयुक्त दशावतारा'त त्याला जास्त मानधन. प्रेक्षक कंटाळला होता. गावच्या मुलांनी तालीम केली होती, कंपनीला तालमीची सवय नाही, आणि तालमीने काही गोष्टी चांगल्या होतात यात वाद नाही.

पण तीन जागी पोकळी उघडी पडली. पहिली, संवाद. मुलांनी ते मोबाइलवरच्या जुन्या प्रयोगांतून उतरवून पाठ केले होते. एकाचे वाक्य सुटले तेव्हा समोरच्याने आपले पाठ केलेले उत्तर तसेच दिले आणि प्रश्न नसताना उत्तर आले. पखवाजवाल्याने ते सावरले.

दुसरी, संकासुर. हे पात्र आमच्याकडे गावाची खबर घेते. रस्ता कुठे खचला, पंचायतीत कोण कोणाला फोडतो, समितीच्या जेवणात मटण नसताना ढेकर कोणाला आला, सगळे तो बोलतो आणि ज्याच्यावर बोलतो तोही हसतो. कारण संकासुर परक्या गावचा, पहाटे टेम्पोत बसून जाणारा. त्या रात्री संकासुर झालेला मुलगा गावातलाच. त्याने रस्त्याच्या कंत्राटावर एक वाक्य टाकले. कंत्राटदार पुढच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी दोन घरांचे बोलणे बंद झाले, ते बरेच दिवस बंद होते. पुढच्या वर्षी संकासुराने फक्त पेट्रोलच्या भावावर विनोद केले. परक्याला जेवढे बोलू दिले जाते तेवढे आपल्या माणसाला बोलू देत नाहीत, आणि ही मोकळीकसुद्धा आपण कंपनीच्या नाइटमध्ये विकत घेत होतो, हे तोवर कोणाच्या हिशेबात नव्हते.

तिसरी, पहाट. आख्यान अडीचला संपले. दहीहंडी पहाटेची. मधले तास कोण भरणार? मुलांतले काहीजण मोपच्या विमानतळावर कामाला, जो नुकताच त्या ५ जानेवारीला सुरू झाला होता. सकाळची पाळी पाचच्या आधी गाठायची. कृष्ण झालेला मुलगा तोंड धुऊन ड्यूटीवर गेला. हंडी पुजाऱ्याच्या पुतण्याने फोडली, पँट-शर्टात. चुकले कोणाचे? नोकरी करणाऱ्याने नोकरीवर जायचेच. पण पहाटेपर्यंत जागणे ज्याचे पोट आहे तोच पहाटेपर्यंत जागतो.

एवढ्यावर थांबले असते तर हे गावच्या घरातले भांडण राहिले असते. ते बाहेर पडले. नाटक मोबाइलवरून सगळीकडे गेलेले. शेजारच्या एका गावाने मुलांना विचारले, आमच्याकडे कराल? मुलांनी प्रवासखर्च आणि जेवण मागितले. मग दुसरे गाव, तिसरे. २०२४च्या हंगामात या मंडळाने स्वतःच्या गावाबाहेर नाटके केली ती सगळी शनिवारी किंवा सुट्टीच्या आदल्या रात्री, कारण इतर दिवशी जमणारच नव्हते. आणि नेमक्या याच रात्री कंपनीला हव्या असतात. मंगळवारची जत्रा कंपनीच्या वाट्याला, शनिवारची हौशांच्या. त्यात कंपनीच्या नाइट ओळीने येतात. आज इथे, उद्या पलीकडच्या गावात, परवा नदी ओलांडून, असा टेम्पो फिरतो तेव्हा डिझेल परवडते. मधली एक तारीख निघाली की पुढच्या गावाला जायचा खर्च अंगावर येतो. मालकाने त्या भागातल्या आणखी एका जत्रेचे मानधन वाढवून मागितले. त्या गावाच्या समितीने तेच कारण पुढे करून हौशी मंडळ बोलावले.

स्वतःच्या देवापुढे फुकट नाचणे आणि दुसऱ्याच्या देवळात जेवणावर नाचणे या दोन गोष्टी एकाच तराजूत घालता येत नाहीत. पहिली सेवा आहे, तिला कोणी हात लावू नये. दुसरीत सेवा कोणाची? त्या गावाचे देवस्थान काही मुलांचे कुलदैवत नव्हे. तिथे हौशी कलाकार भाव पाडणारा व्यापारी झालेला असतो, त्याला स्वतःला ते कळत नाही एवढेच. आणि तो हा भाव पाडू शकतो याचे कारण त्याचे घर दुसऱ्याच कोणाच्या पगारावर चालते, शिक्षण खात्याच्या, बँकेच्या, विमानतळाच्या. जेमतेम उत्पन्नाच्या, कंपनी बोलावणे ज्यांना कधीच परवडले नाही अशा एखाद्या वाड्यावरच्या देवळात या मुलांनी नाटक केले असते तर मी टाळ्या वाजवायला पुढे बसलो असतो. तसे एकही आमंत्रण त्यांना आले नाही. आमंत्रणे आली ती कंपनीला पैसे देणाऱ्या गावांकडूनच.

कंपनीतली स्त्रीपार्टी, वय पंचविशीतले, आवाज गोड, २०२४च्या पावसाळ्यात एका हॉटेलात कामाला लागली आणि हंगामाला परतली नाही. त्याचे सगळे पाप या गावावर टाकणार नाही. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर बारमाही पगार मिळत असताना तरुण मुलाने रात्र-रात्र लुगडे का नेसावे, हा प्रश्न हौशी मंडळ निघण्याआधीपासूनचा आहे. पण गेलेल्या प्रत्येक नाइटने उत्तर सोपे केले.

सुटले कसे? अर्धवट. आधी हलली ती मुलेच. संकासुराच्या भांडणानंतर त्यांच्यातच दोन तट पडले. शिवाय पखवाजवाल्याने त्यांना बसवून सांगितले की मी तुमच्याकडे आलो की माझ्या कंपनीतले चौदा जण माझ्याकडे बघतात, पुढच्या वर्षी मला विचारू नका. पखवाजवाला नाही तर नाटक नाही. मुलांनी समितीला कळवले की काल्याची रात्र आम्हाला नको, आमचा दुसरा दिवस आम्हाला परत द्या. मुखत्याराला ऑर्केस्ट्रा सोडवत नव्हता. शेवटी ऑर्केस्ट्रा राहिला, पण अर्ध्या वेळेचा, आणि त्याआधी गावकऱ्यांचे नाटक.

कंपनीशी बोलणी म्हाताऱ्या महाजनाने केली. मालकाने जुन्या रकमेला यायला नकार दिला. गावानेही अट घातली: आख्यान नवे हवे, कोण कुठल्या पात्रात उभा राहणार हे आठ दिवस आधी कळवायचे, आणि तो माणूस आला नाही तर रक्कम कापायची. मालकाने दोन दिवस घेऊन ही अट मान्य केली. कुठल्याही जत्रेत असे काही लिहून घेतल्याचे मी याआधी ऐकले नव्हते. २०२५च्या काल्याला कंपनी आली, सकाळी सात वाजेपर्यंत थांबली, हंडी कृष्णाने फोडली.

हौशी मंडळ मोडलेले नाही. गावाबाहेर जायचे तर कंपनीच्या नाइटएवढीच रक्कम मागायची, असे त्यांनी ठरवले आहे. परिणाम अपेक्षेप्रमाणे: दोन गावांनी लगेच नको म्हटले. पण एका गावाने पूर्ण रक्कम द्यायची तयारी दाखवली आणि तिथे नवेच त्रांगडे उभे राहिले. मंडळातले तिघे सरकारी नोकर. पगाराव्यतिरिक्त मानधन घ्यायचे तर खात्याची परवानगी काढायला हवी. राजाचे काम करणाऱ्या शिक्षकाने अर्ज टाकला आहे. परवानगी येईपर्यंत त्या गावच्या नाटकात राजा कोण, यावर सध्या तालमी अडून आहेत, आणि कंपनीच्या राजपार्टीला त्या एका रात्रीपुरते मानधन देऊन बोलवावे अशी सूचना मंडळातल्याच एका मुलाने केली आहे.